मानांकडे बघणारा

"पिक्चर संपला की बंद पडला?" शुक्रवारी दुपारच्या खेळातून सर्वांत आधी बाहेर आलेल्या माणसाने दारातच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खिशात किल्ली शोधायला लागला.

त्याच्या मागून एक बाई डोळे पुसत आल्या. त्यांच्या मागून त्यांचा नवराही डोळे पुसत आला, पण तो नुकताच झोपेतून उठला होता. पाठोपाठ कॉलेजातली चार पोरं आली. त्यांतली दोन भारावली होती आणि दोन त्या दोघांवर चिडली होती.

"तुझ्या नादाला लागून आलो. दोन तास एक बाई स्क्रू पिळतेय."

"तुला कळलाच नाही तो."

"कळण्यासारखं काही असतं तर कळलं असतं ना!"

सगळ्यांत शेवटी सर बाहेर आले. सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. निवृत्त झाले तरी व्याख्यान थांबलं नव्हतं, फक्त वर्ग बदलला होता. थिएटरच्या दर्शनी भागात टेबलाला दोरीने बांधलेली अभिप्रायाची वही होती. एरवी तिच्यात 'पंखा करकरतो', 'समोसा कालचा होता' एवढ्याच समीक्षा असत. सरांनी खुर्ची ओढली, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि दीड पान लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं: 'मध्यंतरानंतरची ती संपूर्ण, निर्दय शांतता! अवकाशात आवाज नसतो हे सत्य पडद्यावर मांडण्याचं धैर्य प्रथमच कुणीतरी दाखवलं आहे.'

त्याखाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं: 'माझी बायको घरी इतकी शांत कधी झोपत नाही. आभारी आहे.'

पिक्चर अवकाशातला होता, पण त्यात यान उडत नव्हतं आणि लढाईही नव्हती. दूरच्या एका ग्रहावरच्या ठाण्यात एक मध्यमवयीन बाई एकटीच राहते. पृथ्वीकडून येणारे आवाज पकडणारी एक मोठी तबकडी तिला दुरुस्त ठेवायची असते. ती स्क्रू आवळते, सैल करते, जेवते, भांडं घासते, पुन्हा आवळते. मध्यंतरापर्यंत एवढंच. मध्यंतरानंतर ती कानाला यंत्र लावून बसते, ती शेवटपर्यंत बसूनच राहते. तिचा चेहरा तेवढा बदलत जातो.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. मध्यंतरानंतर पिक्चरला आवाज होता. तो फक्त थिएटरात पोचला नव्हता.

न पोचण्याचं कारण वर मशीनच्या खोलीत, एका उंच स्टुलावर बसलेलं होतं. त्याला सगळे 'ऑपरेटर' म्हणत. त्याची बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचे ऑपरेटर' असंच म्हणायची. एकतीस वर्षं तो त्या स्टुलावर होता. रिळं होती तेव्हा रिळं चढवली, रिळं गेली तेव्हा बटणं दाबायला शिकला. त्याने हजारो पिक्चर दाखवले, पण त्यांतला एकही धड पाहिला नव्हता. काचेच्या चौकोनी खिडकीतून तो खालच्या माना बघायचा.

हे त्याचं शास्त्र होतं. चित्र अस्पष्ट झालं की माना पुढे येतात. पिक्चर रटाळ झाला की माना एकमेकींकडे वळतात. आणि आवाज गेला की सगळ्या माना एकदम मागे, मशीनच्या खिडकीकडे वळतात. पहिली सत्तावीस वर्षं हे शास्त्र म्हणजे नुसता छंद होता. मागच्या चार वर्षांत ते पोटापाण्याचं साधन झालं होतं, कारण ऑपरेटरला ऐकू येणं जवळजवळ थांबलं होतं.

हे थिएटरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या आधीच्या ऑपरेटरचा हात कापायला लागला, तेव्हा त्याला एका दुपारी भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं होतं. निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं आणि याला घड्याळ नको होतं. म्हणून मॅनेजर बोलायला लागला की तो त्याच्या ओठांकडे बघायचा. मॅनेजर म्हणजे मालकांचा जावई. आपलं बोलणं इतकं मन लावून ऐकणारा दुसरा माणूस त्याला सासरी-माहेरी कुठेच भेटला नव्हता, त्यामुळे त्याचा ऑपरेटरवर जीव होता.

एकाच माणसाने हे गुपित ओळखलं होतं. दारावर तिकीट फाडणाऱ्या आणि अंधारात बॅटरीने खुर्ची दाखवणाऱ्या मावशींनी. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. एक दिवस त्या फक्त म्हणाल्या, "ऑपरेटर, मी खालून बॅटरी दोनदा उघडझाप केली की आवाज बघायचा. बॅटरी धरून ठेवली की आहे तसं राहू द्यायचं. माझे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही." मावशी रोज तीन मजले चढून घरी जात. ऑपरेटरने मान डोलावली. दोघांनी गुडघ्यांचा मान राखला.

घोटाळा झाला तो एका बटणाने. मध्यंतरात कँटीनच्या जाहिराती दुसऱ्या मशीनवरून लागत. पिक्चर पुन्हा सुरू करताना आवाज या मशीनवरून त्या मशीनवर घ्यायला एक बटण दाबावं लागे. बटण जुनं झालं होतं. त्याचा दिवा वर्षापूर्वी गेला होता. कधी ते पहिल्या दाबाला लागे, कधी दुसऱ्या. लागलं की 'टक्' असा आवाज होई. ऑपरेटरला तो 'टक्' ऐकू येत नसे. तो एक हात खोलीतल्या स्पीकरच्या लाकडी खोक्यावर ठेवायचा. खोकं थरथरलं की लागलं. नाहीच कळलं तर खालच्या माना होत्याच.

शुक्रवारी त्याने बटण दाबलं आणि खोक्यावर तळहात ठेवला. थरथर नव्हती. पण या पिक्चरला पहिल्या भागातही फारशी थरथर नव्हतीच. मग त्याने खाली पाहिलं. त्रेचाळीस माना पडद्याकडे स्थिर होत्या. एकही मागे वळली नाही. म्हणजे आवाज असणार.

खाली त्रेचाळीस माणसं एकमेकांकडे चोरून बघत होती. कुणीच ओरडत नाही, म्हणजे हे असंच असणार. हा पिक्चर असाच असतो म्हणतात. आपणच उठून 'आवाज, आवाज' म्हणायचं आणि अडाणी ठरायचं? त्यातून सर तिसऱ्या रांगेत डोळे मिटून, हनुवटीखाली बोटं जुळवून बसले होते. वर्गात शहाणा मुलगा गप्प बसला की बाकीचे कशाला हात वर करतील? तर माणसं सरांकडे बघून गप्प बसली आणि ऑपरेटर माणसांकडे बघून.

त्या दिवशी मावशी असत्या तर कदाचित निभावलं असतं, पण त्या सून बाळंत झाली म्हणून रजेवर होत्या.

शनिवारी तेच बटण, तीच शांतता. फक्त माना अठ्ठावन्न झाल्या होत्या. सरांनी गावभर सांगितलं होतं. संध्याकाळी मॅनेजर जिना चढून वर आला.

"काका, पिक्चर चालला! लोक म्हणतात शांतता ऐकायला चाललोय. उद्या दिग्दर्शिका स्वतः येतेय. खेळ संपला की लोकांशी बोलणार."

ऑपरेटरने ओठांवरून 'उद्या' आणि 'येतेय' एवढं टिपलं आणि मान डोलावली.

घरी बायको जेवायला वाढताना ओरडून बोलत होती. त्या घरात नवराबायकोचं कुठलंही बोलणं खाजगी राहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्यांना त्यांच्या भाजीत मीठ किती ते माहीत होतं.

"अहो, सांगून टाका एकदाचं! यंत्र लावा कानाला!"

"यंत्र दिसतं."

"दिसू दे की! डोळ्यांना चष्मा लावलाय तो नाही दिसत?"

"चष्मा हुशार माणसं लावतात," ऑपरेटर म्हणाला. "दीड वर्ष काढू दे. मग तू सांगशील ते लावतो."

"दीड वर्षात माझा घसा जाईल, मग बसू दोघं खाणाखुणा करत!"

खालच्या मजल्यावर कुणीतरी हसलं. ते तिला ऐकू आलं, त्याला नाही.

रविवारी मावशी परत आल्या. दिग्दर्शिका तीनच्या खेळाला पोचली. चाळिशीची, किरकोळ अंगाची बाई होती, खांद्याला पिशवी. मावशी आत खुर्च्या दाखवत असताना मॅनेजर फुलांचा गुच्छ घेऊन पुढे धावला. ती आत काही बसली नाही.

"मी माझा पिक्चर लोकांत बसून बघत नाही. मी इथेच थांबते."

ती दर्शनी भागात वही उघडून बसली. आत मध्यंतर झालं, कँटीनचा धंदा झाला, माणसं परत आत गेली. ती वाचतच होती. पहिल्या पानावर हसली. दुसऱ्या पानावर तिच्या कपाळाला आठी पडली. 'ती शांतता.' 'शब्दांशिवाय एक तास.' 'आवाज नाही म्हणून पैसे परत मागणार होतो, पण सरांनी समजावलं.' तिने वही मिटली, दार किलकिलं केलं, आत कान दिला आणि तशीच मागे फिरली.

"मावशी, आत आवाज नाहीये."

"नसायचाच," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही नवीन दिसता. हा पिक्चरच तसा आहे. सर म्हणाले, अवकाशात आवाज नसतो."

"मावशी, हा पिक्चर मी केलाय."

मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग तुम्हाला ठाऊक," असं म्हणून बॅटरी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळतच आत गेल्या.

वर ऑपरेटर माना मोजत होता. त्र्याऐंशी. खालच्या अंधारात बॅटरी उघडझाप झाली. एकदा, दोनदा. त्याचा विश्वास बसेना. माना तर स्थिर आहेत! बॅटरी पुन्हा उघडझाप झाली. त्याने बटण दाबलं आणि खोक्यावर हात ठेवला. अगदी बारीक, मांजर पोटाशी घेतल्यावर लागावी तशी थरथर तळहाताला लागली.

आणि त्याच क्षणी त्र्याऐंशी माना गर्रकन मागे वळल्या.

खाली काय झालं होतं, ते त्याला कसं कळावं? पडद्यावरच्या बाईच्या कानातल्या यंत्रातून एका म्हातारीचा आवाज यायला लागला होता. स्वयंपाकघरात वावरताना बायका स्वतःशी बोलतात तसा. 'झाकण कुठे ठेवलं मी... दूध बघ गं जरा... पंखा घालव, माणूस नाही खोलीत.' बस, एवढंच. पण लोक शांततेचं तिकीट काढून आले होते.

"आवाज बंद करा!" मागून एकजण ओरडला.

"अहो मशीनवाले! मध्येच काय लावलंत?"

ऑपरेटरला दिसत होत्या त्या फक्त माना. मागे वळलेल्या माना म्हणजे आवाजात बिघाड, हे एकतीस वर्षांचं गणित. त्याचं बोट आपोआप बटणावर गेलं. दाबणार तोच त्याने खाली पाहिलं. मावशी मधल्या वाटेत उभ्या होत्या. बॅटरी स्वतःच्या उघड्या तळहातावर धरून ठेवली होती. हलत नव्हती. आहे तसं राहू द्या.

इतकी माणसं एक सांगत होती आणि मावशी दुसरं. त्याने बोट मागे घेतलं.

हळूहळू माना पडद्याकडे वळल्या. एक, दोन, मग दहा. आणि मग त्याने असं काही पाहिलं जे इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. माना थोड्या कलल्या. कुणाची डावीकडे, कुणाची उजवीकडे. शेजारच्या खोलीत आपलं माणूस काहीतरी बोलतंय आणि आपण हातातलं काम थांबवून कान देतोय, तशा. पिक्चर संपेपर्यंत त्या तशाच राहिल्या.

तेवढ्या वेळात ऑपरेटरने हिशेब पुरा केला. आज वीस मिनिटं बिनआवाजाची. शुक्रवारी एक तास, शनिवारी एक तास.

खेळ संपला, दिवे लागले. दिग्दर्शिका पडद्यापुढे येऊन उभी राहिली. सर पहिल्यांदा उठले. ते तिसऱ्यांदा आले होते.

"बाई, मी शुक्रवारी आपली कलाकृती पाहिली, शनिवारी पाहिली. दोन्ही दिवस उत्तरार्धात निखळ शांतता होती. आज आपण आवाज घातलात. का? आपला स्वतःच्या कलेवर विश्वास नव्हता का?"

बाजूला उभ्या मॅनेजरचं हसू ओसरलं. "आज आवाज होता?" तो मावशींच्या कानाशी लागला. "म्हणजे तो असाच नव्हता पिक्चर?"

मावशींनी बॅटरीची काच पदराने पुसायला घेतली.

एका मिनिटात दिग्दर्शिका खरं सांगू शकली असती. सात वर्षं घालवून केलेला तिचा पिक्चर दोन दिवस मुका दाखवला गेला होता. तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान वर केली नाही. मग तिने वर, काचेच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे एक म्हातारा होत चाललेला चेहरा काचेला चिकटून खाली बघत होता, आणि तो कसा बघत होता ते तिला ओळखीचं वाटलं. तिच्या पिक्चरातली बाई तबकडीकडे तशीच बघत असे.

"तो आवाज माझ्या आईचा आहे," ती म्हणाली. "फोनवर चोरून घेतलेला. आई आता नाही. दोन दिवस तो ऐकवायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी ऐकवायचा, असं आम्ही ठरवलं होतं. नसलेलं माणूस किती वेळ नसतं, ते कळायला. आणि हे सगळं ज्यांनी वरून नीट सांभाळलं, त्यांचे आभार मानायचे राहिले." तिने हात वर केला.

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

ऑपरेटरने ते पाहिलं. दिवे लागले आहेत, पिक्चर संपला आहे, आणि सगळं थिएटर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या बाईबरोबर त्याच्याकडे बघतंय. याचा अर्थ एकच होता. तो स्टुलावरून उतरला.

टाळ्या वाजल्या तेव्हा तो जिन्यात होता.

बाजूच्या दारातून तो आत आला, शर्टाचं वरचं बटण लावत. त्याला बघून टाळ्या वाढल्या. तो जमिनीकडे बघत चालत होता. मावशींनी बॅटरी उघडझाप केली, दोनदा, चारदा, मग नुसती धरूनच ठेवली. पण सगळे दिवे लागलेले होते. उजेडात बॅटरी कुणाला दिसते?

"चूक माझी आहे," तो म्हणाला. स्वतःचं बोलणं ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, फार मोठ्याने. "बाईंचा पिक्चर मी दोन दिवस बिनआवाजाचा दाखवला. बटण लागलं नाही, मला कळलं नाही. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. मॅनेजरसाहेबांना मी सांगितलं नव्हतं. त्यांचा काही दोष नाही."

टाळ्या थांबल्या. सरांनी ज्या शांततेवर दीड पान लिहिलं होतं, ती आता खरी आली.

"काका, बसा जरा," मॅनेजर म्हणाला. ऑपरेटरचं त्याच्या ओठांकडे लक्ष नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला.

माणसं निमूट पांगली. एकजण पैसे परत मागायला पुढे झाला होता, त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली. सर वहीपाशी रेंगाळले. त्यांनी दीड पान पुन्हा वाचलं, खोडावं का यावर विचार केला, आणि शेवटी खाली एक ओळ जोडली: 'दोन्ही अर्थ संभवतात.'

दिग्दर्शिका ऑपरेटरच्या समोर येऊन उभी राहिली. त्याला ओठ दिसतील अशी, सावकाश बोलली. "मी सांभाळून घेतलं होतं."

"काय?"

"मी तुम्हाला वाचवलं होतं. ते टाळ्या वाजवत होते."

ते समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो हसला. "आता घ्या! म्हणजे मी उगीच उतरलो."

तीही हसली. डोळे पुसत म्हणाली, "आवाज आल्यावर काय झालं हो आत? मी बाहेर होते. लोकांना काय वाटलं, मला कळलंच नाही."

एकतीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"आधी रागावले," तो म्हणाला. "मग माना कलल्या."

"कशा?"

त्याने आपली मान जराशी डावीकडे कलती करून दाखवली. ती बराच वेळ त्या कललेल्या मानेकडे बघत राहिली.

सोमवारी मॅनेजरने त्याला खोलीत बोलावलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने ओठ नीट हलवून, सावकाश सांगितलं की मशीनच्या खोलीला कान लागतात, मालकही तेच म्हणतात, आणि दीड वर्षाचं काय ते बघून देतो. मग टेबलाखालून खोकं काढलं. घड्याळच होतं. बायकोने ते स्वयंपाकघरात लावलं आणि दुसऱ्या दिवशी ओरडून म्हणाली, "फार टकटक करतं हो हे!"

"मला काही त्रास नाही," ऑपरेटर म्हणाला. खालचे हसले.

गुरुवारी त्या पिक्चरचा शेवटचा खेळ होता. ऑपरेटर इस्त्रीचा शर्ट घालून दारात आला आणि खिशातून तिकीट काढलं.

"तुम्हाला कशाला हो तिकीट?" मावशी म्हणाल्या.

"फाडा," तो म्हणाला.

त्यांनी तिकीट फाडलं, अर्धं त्याच्या हातात ठेवलं आणि बॅटरी लावून त्याच्या पुढे चालू लागल्या. पायाशी उजेडाचा गोल धरत त्यांनी त्याला शेवटच्या रांगेपर्यंत नेलं. बसल्यावर त्याने एकदा मागे वळून वर पाहिलं. काचेआड नवीन ऑपरेटर होता. तो पडद्याकडे बघत होता.

एकोणीस माना होत्या. मध्यंतरापर्यंत त्यांतल्या तीन उठून गेल्या, हे धरूनच चालायचं. मध्यंतर झालं, जाहिराती झाल्या, पडद्यावरची बाई कानाला यंत्र लावून बसली.

तो थांबून राहिला. सोळांतली पहिली मान कलली. मग दुसरी, मग त्यापुढच्या चार. एक कोपऱ्यातली मात्र बराच वेळ ताठ होती. ती कलेपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या लाकडी पाठीवर तळहात ठेवला आणि आपलीही मान जराशी कलती केली.